खो देणारा पुढारी

श्रोतेहो, शाळेच्या पटांगणावरून येणारी 'खो!' अशी आरोळी लहानपणी ज्याने ऐकली नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे! पण आज मला बोलायचे आहे ते चषकाविषयी नव्हे. आपल्या सोसायट्या, दूधसंस्था, लहानमोठे धंदे चालविणाऱ्यांनी या खेळापासून काय घ्यावे, एवढेच सांगायचे आहे.

खेळ आपण जाणताच. मधल्या पट्टीवर आठ गडी बसतात. एकाचे तोंड इकडे, तर शेजारच्याचे तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. मग पळणारा गडी पलीकडे निसटला, तर करायचे काय? तिकडे तोंड करून बसलेल्याला पाठीमागून हात लावून खो द्यायचा, आणि त्याच्या रिकाम्या जागी आपण बसायचे. कितीही चपळ असला तरी एकट्याने सगळे गडी मारीन म्हणणाऱ्याची येथे दमछाकच होते.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका गावी दूधसंस्था होती. तिचे चेअरमन सचोटीचे. पहाटे चारला डेअरीवर हजर. दुधाची फॅट तेच काढीत, वही तेच लिहीत, कपाटाची किल्ली त्यांच्याच जानव्याला म्हणा ना! मी एकदा म्हटले, "अण्णा, कुणाला तरी हाताशी घ्या." ते म्हणाले, "सर, दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर? पैका लोकांचा आहे."

पुढे अण्णांचे ऑपरेशन झाले आणि ते महिनाभर अंथरुणाला खिळले. दुधाचे दोन पगार अडले. ज्या घरात एकच म्हैस, त्या घरच्या बाईने किराणा कशावर भरावा? लोकांनी खाजगी गवळ्याकडे दूध घालायला सुरुवात केली. गेलेले सभासद परत यायला वर्ष लागले. काही आलेच नाहीत. अण्णांनी एका पैचा अपहार केला नव्हता. त्यांनी फक्त कोणाला खो दिला नव्हता.

बरे, खो देण्याचेही नियम आहेत. हात लागला पाहिजे आणि शब्दही स्पष्ट ऐकू आला पाहिजे. "बघ रे जरा तिकडचं," असे मोघम सांगणे म्हणजे खो नव्हे. काम कोणाचे, कुठपर्यंत, हिशेब कधी द्यायचा, हे उघड सांगावे. खो मिळण्याआधी उठणे हाही फाऊलच. तेव्हा उतावळ्या कार्यकर्त्यानेही धीर धरावा. आणि सर्वांत अवघड नियम असा, की खो दिला की लगेच बसायचे! काम सोपवून पुन्हा त्याच्या मागे धावणारे पुढारी आपण पाहतोच. मात्र बसणे म्हणजे झोपणे नव्हे. बसलेला गडी दोन्ही हात टेकून, डोळे उघडे ठेवून, उठण्याच्या तयारीत असतो. पुढाऱ्यानेही हिशेबावर नजर ठेवावी, पण धावणाऱ्याला धावू द्यावे.

अण्णा बरे होऊन आले, तेव्हा त्यांनी तिघा पोरांना फॅट काढायला शिकवले. सहीचा अधिकार दोघांना दिला. पहिल्या महिन्यात वहीत चुका झाल्या. त्यांनी त्या दाखवल्या, पण वही काढून घेतली नाही. मला वाटते, त्या दिवशी ते खरे चेअरमन झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपणांस एक विनंती. सर्वांत जलद धावणाऱ्यालाच दरवर्षी कर्णधार करू नका. जो वेळेवर खो देतो, त्यालाही एकदा करून पाहा. उद्या गावची संस्था त्याच्याच हाती जायची आहे.