हनुवटीच्या सावलीतली कातडी



जवळ छोटा आरसा असेल तर हातात घ्या. हनुवटी थोडी वर करा आणि तिच्या अगदी खालची, सावलीत राहणारी जागा बघा. मग मानेच्या दोन्ही बाजू बघा. ज्यांचं आयुष्य उन्हात गेलं, त्यांना फरक लगेच दिसेल. सावलीतली कातडी मऊ आणि एका रंगाची. बाजूची लालसर-काळपट, खरबरीत, सुरकुतलेली. दोन्हींचं वय मात्र एकच. मान सैल पडली की आपण म्हणतो, वय झालं. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं काम उन्हाचं असतं, आणि तेवढं तरी आपल्या हातात आहे.

मानेची कातडी पातळ असते आणि तिथे तेलग्रंथी चेहऱ्यापेक्षा कमी असतात, म्हणून ती लवकर कोरडी पडते. कातडीला ताठ ठेवणारं कोलॅजन आणि ताणल्यावर परत जागेवर आणणारं इलॅस्टिन, हे दोन्ही धागे वयाबरोबर विरत जातात. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं. म्हणून पन्नाशीच्या आसपास 'एकाएकी मान लोंबली' असं वाटतं. विडी-सिगारेटनेही हे धागे लवकर तुटतात.

आता आपल्या सावदा गावाकडे या. केळीच्या बागेत सावली असते खरी, पण खतं घालताना, नवीन लागवड करताना, घड खांद्यावरून गाडीपर्यंत नेताना माणूस तासन् तास उन्हात असतो. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. डोक्याला रुमाल असतो, पण वाकून काम करताना मानेची मागची बाजू उघडी पडते. अनेक वर्षांनी तिथली कातडी जाड होते आणि तिच्यावर भेगाळलेल्या शेतजमिनीसारख्या खोल, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उमटतात. जगभरच्या शेतकऱ्यांच्या आणि खलाशांच्या मानेवर ही खूण सापडते. आपला सावळा रंग उन्हापासून थोडं संरक्षण देतो. पुरेसं देत नाही.

काही बदलांना मात्र सुरकुती समजून सोडून देऊ नका. मान मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल, तर ती घासून जाणार नाही. बऱ्याचदा ती वाढलेल्या वजनाची आणि मधुमेहाच्या वाटेची खूण असते. आधी रक्तातली साखर तपासा. घोट गिळताना वर-खाली होणारी गाठ दिसली, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. तीन आठवड्यांत न गेलेली कुठलीही गाठ डॉक्टरांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये. काही कारण नसताना वजन उतरून मान सैल पडली असेल, तर क्रीम नको, तपासणी हवी.

उपचारांआधी एक गोष्ट समजून घ्या. लोंबती मान तीन प्रकारची असते. कातडी सैल झालेली असते, हनुवटीखाली चरबी साठलेली असते, किंवा मानेतल्या पातळ स्नायूच्या उभ्या दोऱ्या पुढे आलेल्या असतात. पुष्कळांत तिन्ही थोडंथोडं असतं. उपचार यावर ठरतो. शेजारणीला लागू पडलं म्हणून तुम्हाला पडेलच असं नाही.

कातडीसाठी डॉक्टर ट्रेटिनॉइनसारखं मलम देतात. ते रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच वेळा लावायचं, कारण मान चेहऱ्यापेक्षा लवकर चुरचुरते. गरोदरपणात ते अजिबात लावायचं नाही. गुण यायला काही महिने लागतात आणि तोही बारीक सुरकुत्यांना. लोंबलेली कातडी मलमाने वर चढत नाही. बारीक सुयांचे, रेडिओ लहरींचे किंवा अल्ट्रासाउंडचे उपचार कातडी थोडी आवळतात, पण त्यांना दोन-चार बैठका लागतात. लेसर सावळ्या कातडीवर चुकला तर काळे डाग राहतात. उभ्या दोऱ्यांवर बोट्युलिनमची इंजेक्शनं असतात. त्यांचा असर तीन-चार महिने टिकतो. कातडी फारच लोंबली असेल तर खरा उपाय शस्त्रक्रिया. ती प्लॅस्टिक सर्जनकडूनच करून घ्यावी, आणि खर्च व धोके आधी विचारून घ्यावेत.

मला हमखास विचारतात, केळीची साल चोळली तर मान घट्ट होते का? नाही. घटकाभर ओलावा वाटतो, एवढंच. लिंबू लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग उठतात. मोबाईलमुळे मान लोंबते म्हणतात, त्याला ठोस पुरावा नाही. आणि दुकानातून परस्पर घेतलेली, पटकन उजळपणा देणारी स्टेरॉइडची मलमं महिनोन् महिने लावली, तर कातडी पातळ होते. म्हणजे जो त्रास घालवायला निघालो, तोच वाढतो.

मग रोज काय करायचं? आंघोळीनंतर ओलसर मानेला साधं मॉइश्चरायझर लावा, खोबरेल तेलही चालेल. दिवसा चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन लावा, कानामागे आणि मानेच्या मागेही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. परवडत नसेल तर चिंता नको. दाट विणीचं सुती उपरणं किंवा ओढणी हे उत्तम संरक्षण आहे. कामं जमतील तेवढी अकराच्या आत आटपा.

गेलेलं कोलॅजन पूर्ण परत आणणारं औषध आजवर निघालेलं नाही. उरलेलं राखता येतं. ताई-दादांनो, उद्या सकाळी वावरात निघताना रुमाल डोक्याला बांधाल, तेव्हा त्याचं एक टोक मानेवर मोकळं सोडा. आणि घरातल्या पोरांनाही आजपासूनच ती सवय लावा.