केल्विनचे गणित आणि पेरीचा प्रश्न



 अध्यक्षीय भाषणात वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घेण्याची रीत बाजूला ठेवून मी उष्णतेच्या एकाच गणिताविषयी बोलणार आहे. वर्गात आपण ते अर्धेच शिकवतो, याची मला मनापासून खंत वाटते.

घन पदार्थातून उष्णता कशी पसरते, यावरचा प्रबंध फूरियेने १८०७ साली पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. लाग्रांजने हरकत घेतली आणि ग्रंथ छापून यायला १८२२ उजाडले. त्यातल्या समीकरणाचा गाभा असा की, दुप्पट खोल पोहोचायला उष्णतेला चौपट वेळ लागतो. खडकात ती वर्षभरात पाच-सहा मीटर शिरते, तर शंभर वर्षांत फक्त त्याच्या दसपट.

या समीकरणाच्या बळावर १८६२ साली विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, पृथ्वीचे वय काढले. त्याने धरले ते असे: सुरुवातीला सगळी पृथ्वी सारखीच तप्त, सुमारे ३,९०० अंश सेल्सियस. आज खाणीत उतरताना दर पन्नास फुटांना तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढते. आणि आतली उष्णता बाहेर येते ती केवळ वहनाने. उत्तर आले ९.८ कोटी वर्षे. १८९७ साली त्याने ते दोन ते चार कोटींवर आणले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा आहे! त्या हिशोबाने दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्याही आधीचा ठरतो.

केल्विनच्या आकडेमोडीत चूक नव्हती. बोट ठेवायचे होते ते गृहीतकावर, आणि ते ठेवले जॉन पेरीने. पेरी एकेकाळी केल्विनचाच सहायक होता आणि गुरूबद्दल त्याला फार आदर होता. आधी पत्रांतून समजावून पाहिल्यावर १८९५ साली त्याने ‘नेचर’मध्ये जाहीरपणे लिहिले: पृथ्वीच्या पोटातले द्रव्य थोडेसे जरी वाहत असेल, तर खोलवरची उष्णता सतत वर येत राहील, वरचे कवच दीर्घकाळ तापलेले राहील आणि वय दोन-तीन अब्ज वर्षांपर्यंत जाऊ शकेल. मला हे धैर्य फार मोठे वाटते.

आज आपण ४.५४ अब्ज वर्षे म्हणतो. केल्विनला किरणोत्सार ठाऊक नव्हता म्हणून तो चुकला, असे बहुतेक पुस्तके सांगतात. पण त्याच्या वहनाच्या प्रारूपात किरणोत्साराची उष्णता मिळवली तरी उत्तर फारसे हलत नाही; कारण साडेचार अब्ज वर्षांतही वहनाने जेमतेम चारशे किलोमीटर जाडीचा थर निवतो, त्याखालची उष्णता जागच्या जागीच अडकते. खरा फरक पडतो तो अभिसरणाने. प्रावरणाचा खडक घन असूनही वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. घन पदार्थात वहन आणि द्रवात अभिसरण, ही आपण फळ्यावर ओढतो ती सीमारेषा तिथे पुसली जाते.

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो. केल्विनचे आकडे बारावीच्या विद्यार्थ्यांना द्यावेत. सूत्र हाती असले की एका तासिकेत ९.८ कोटी हे उत्तर निघते. दुसरी तासिका त्यांनी पेरीच्या प्रश्नावर घालवावी: यातले कोणते गृहीतक सोडले तर उत्तर किती बदलेल? आणि अंतर्गत मूल्यमापनात या दुसऱ्या तासिकेला पहिलीइतकेच गुण असावेत.