पितळेची पुंगळी आणि नेमबाजाचा नेम

1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यांच्या नजरेचे, श्वासावरच्या ताब्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच झाले. पण प्रत्येक गोळीमागे पितळेची एक एवढीशी पुंगळी होती. तिचे नाव कोणी काढले नाही. आज तिच्याविषयी बोलू.

काडतूस म्हणजे चौघांचा संसार. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारा मसाला आणि या तिघांना पोटात घेणारी पुंगळी. गोळी निघून जाते, दारू जळून जाते, पुंगळी तेवढी मागे उरते. म्हणून तर पंचनाम्यात तिचीच नोंद सापडते.

चाप ओढला की मोठ्या रायफलीत आतला दाब हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून वर जातो. त्या क्षणी पुंगळी फुगून बंदुकीच्या घराला घट्ट चिकटते आणि मागची वाट बंद करते. दाब उतरला की किंचित आक्रसून सहज बाहेर येते. फुगणे आणि आक्रसणे ही दोन्ही कामे पितळाइतकी बिनबोभाट दुसरा धातू क्वचितच करतो. शंभरात सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त, असे हे पितळ असते.

आता नेमाचा संबंध कुठे येतो? पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री आठवा. तिच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो आणि त्या काठावरच काडतूस घरात अडते. चिखलमातीतही ते आत जावे म्हणून रणांगणावरच्या रायफलीचे घर पुढे थोडे ऐसपैस ठेवीत. साहजिकच काडतूस आत जरा कलंडून पडे, आणि गोळीची सुरुवातच वाकडी होई. नंतरच्या 7.62 च्या काडतुसाला तसा काठ नाही. ते आपल्या उतरत्या खांद्यावर टेकते आणि नाळक्यात तेल ओतताना धार मधोमध यावी तशी गोळी नळीच्या मध्यावर येते. तरीही दोष काठाला देऊ नये, दोष ढिलेपणाचा.

शिक्षकबंधूंनी एक हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. ऑलिंपिकमधल्या .22 च्या गोळीचा सरासरी वेग सेकंदाला 315 मीटर धरा. 50 मीटर जायला तिला सुमारे 0.159 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती सुमारे 12.4 सेंटिमीटर खाली येते. दुसरी गोळी 10 मीटरने वेगवान निघाली, तर ती सुमारे 11.6 सेंटिमीटरच खाली येईल. म्हणजे फरक पडला सात-आठ मिलिमीटरचा. निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळच मुळी 10.4 मिलिमीटर व्यासाचे! नेमबाजाचा हात तसूभर हलला नाही, तरी गुण गेला.

वेगात असा फरक का पडतो, याचे एक कारण पुंगळीच्या मानेत आहे. मान एका गोळीला घट्ट आणि दुसरीला सैल धरू लागली, की दाब सारखा चढत नाही. आणि या मानेची एक जुनी कथा आपल्याच पावसाळ्यातली आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत. नंतर पाहावे तो, गोळीला आवळलेल्या जागी पुंगळ्यांना चिरा! कोणी हात लावलेला नाही, कोणी आपटलेले नाही. या दुखण्याला नावच पडले ‘हंगामी चीर’. खरे कारण 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडून दाखविले. जोगेश्वरी-गोरेगावकडच्या म्हशींच्या तबेल्यापाशी नाकाला झोंबतो ना, तो अमोनिया. घोड्यांच्या मुतातून तोच उठत होता. पण एकटा अमोनिया दोषी नव्हता. पुंगळी थंड पितळ ओढून ओढून घडवितात. तो ताण धातूत मुक्कामाला राहतो, आणि अमोनिया त्यालाच फाडतो.

उपाय मात्र आपल्या तांबटांना केव्हाचा ठाऊक! ठोकून ठोकून भांडे कडक झाले की ते तापवून मऊ करतात. तसेच पुंगळीही बेताने तापवून तिचा ताण उतरवितात. सैनिकी पुंगळीच्या मानेवर निळसर झाक दिसते, ती या शेकाचीच. शेकलेली मान चिरत नाही आणि गोळ्यांना सारख्याच जोराने धरते.

पुण्याजवळच्या खडकीत 1869 पासून काडतुसांचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा 1964 पासून. तिथल्या यंत्रांचा निम्मा जीव या सारखेपणासाठीच खर्ची पडत असेल, असे मला वाटते.

गंमत अशी, की ऑलिंपिकमधली .22 ची पुंगळी काठवालीच आहे. 1887 च्या सुमारास निघालेला हा नमुना. त्याचा ठिणगीचा मसालाही त्या काठाच्या पोकळीतच भरलेला. मसाला कुठे दाट, कुठे विरळ बसला तर पेट बदलतो. म्हणून चांगले नेमबाज स्वतःची रायफल शिकंज्यात पक्की बसवून निरनिराळ्या खेपांची काडतुसे झाडून पाहतात. कारखाना तोच, डबीवरचे नावही तेच. तरी एका खेपेच्या दहा खुणा रुपयाच्या नाण्याखाली झाकतात, दुसरीच्या नाण्याबाहेर सांडतात. मग पहिल्या खेपेच्या मिळतील तेवढ्या डब्या ते स्पर्धेसाठी राखून ठेवतात.