सवय नसलेल्या बायका?

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरी एखाद्या सरपंचबाईंच्या वतीनं त्यांचा नवराच सभेत बोलतो, आणि कारण ठरलेलं असतं: ‘तिला बोलायची सवय नाही.’ हे कारण तपासायला वराळ्यासारखं मावळातलं गाव बरं, कारण याच मावळ-मुळशीच्या पट्ट्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांसह १९८०च्या दशकात जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभर हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. चावडीवर जिनं तोंड उघडलं नाही, तिचंच हे बोलणं आहे.

गिरणी येण्याआधी भल्या पहाटे दोघी जात्याशी समोरासमोर बसत, दोघींचे हात एका खुंट्यावर, आणि मधूनमधून जात्याच्या तोंडात दाण्यांची मूठ पडे. कुणी म्हणेल, ओव्या ठरीव असतात, आईची ओवी लेक म्हणते, त्यात तिचं स्वतःचं काय? पण सासूच्या कानावर पडेल असं स्वतःचं दुःख सुनेनं मांडायचं तरी कसं? ती सीतेचा वनवास गाई. सीतेसाठी रडणाऱ्या सुनेला कोण अडवणार! ठरीवपणा हा तिचा आडोसा होता. अर्थात जाच गाण्यातही शिरला होता, हे मान्य करायलाच हवं. भावाचं, बापाचं कौतुक तोंडभरून. नवऱ्याचं नाव मात्र टाळायचं, तो ‘कंथ’ किंवा ‘हौशा’. शिवाय ओवीला कुणी उत्तर देत नसे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली तेव्हा टीका झाली, जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, म्हणजे निदान वाद तरी झाला. जात्यावरचं गाऱ्हाणं पुरुषांनी ‘बायकांचं गाणं’ म्हणून सोडून दिलं.

गिरणी आली, हाताचे घट्टे गेले, त्याबद्दल कुणी हळहळू नये. ते कष्ट परत यावेत असं म्हणणाऱ्यानं आधी शेरभर दळून पाहावं. पण दळणाबरोबर ती बैठकही मोडली. बोलणारी होतीच, आणि जात्यापलीकडे तिचं ऐकणारीही होती. सभेत सरपंचबाई उभ्या राहतात तेव्हा समोर तसं ऐकणारं कोण बसलं आहे, हे आधी बघायला हवं.