पर्यटकाचा रुपया गावात कसा थांबेल?

(ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत प्रतिनिधी यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पर्यटनाविषयी बोलताना किती पर्यटक आले, याचा हिशेब आपण नेहमी मांडतो. आज मी आपणांसमोर थोडा वेगळा हिशेब मांडणार आहे. आलेल्या पर्यटकाने खर्च केलेला रुपया आपल्या गावात किती काळ थांबतो, हा तो हिशेब होय.

समजा, एक पर्यटक गोव्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या उपाहारगृहात दुपारी जेवावयास बसला. त्याच्या ताटातील कोबी, टोमॅटो, बटाटा बहुधा बेळगावच्या बाजारातून घाट उतरून आलेला असतो. बेळगावचा शेतकरी हा आपला शेजारीच आहे. त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळते, याचा आनंदच मानावयास हवा. परंतु बाटलीतले पाणी, शीतपेये, मसाल्याची पाकिटे ही सारी त्याहूनही दुरून येतात. अनेकदा उपाहारगृहाचा मालक परगावचा असतो आणि नफाही परगावच्याच बँकेत जमा होतो. गावाच्या वाट्यास येतो तो उपसलेल्या विहिरीचा गाळ आणि रस्त्याकडेचा कचरा. अर्थशास्त्रज्ञ या प्रकारास ‘गळती’ म्हणतात. घड्याच्या बुडाला छिद्र असेल, तर वरून कितीही पाणी ओतले तरी घडा भरत नाही. हे छिद्र बुजविण्याचा एक मार्ग म्हणजे सामाजिक उद्दिष्टाने चालविलेले उपाहारगृह.

अशा उपाहारगृहाची ओळख तीन प्रश्नांनी पटते. त्याची मालकी कोणाची? त्याची खरेदी कोणाकडून होते? आणि वर्षाअखेर उरलेला नफा कोठे जातो? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘येथल्या लोकांकडे’ असे येत असेल, तर ते उपाहारगृह गावाचे समजावे. पहिली दोन उत्तरे बाहेरची असतील, तर भिंतीवर वारली चित्रे रंगवून किंवा दारात तुळशीवृंदावन बांधून ते गावाचे होत नाही.

मालकीचा प्रश्न आपल्या देशाने फार पूर्वी एका रीतीने सोडविला आहे. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा कामगारांवर बेकारीची पाळी आली. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या. त्यांतील पहिली १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगळूर येथे स्थापन झाली आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी दिल्लीत कामगारांच्या मालकीचे पहिले ‘इंडियन कॉफी हाऊस’ उघडले. पुढे केरळपासून मध्य प्रदेशापर्यंत या संस्थांचा विस्तार झाला. काल कप उचलणारा माणूस आज त्या कपाचा भागीदार झाला. सहकार आपल्यालाही नवा नाही. फोंड्याची गोवा बागायतदार सहकारी संस्था सुपारी, नारळ, काजू यांच्या खरेदी-विक्रीत बागायतदारांच्या पाठीशी उभी आहे, हे येथे बसलेल्या बागायतदारांना मी सांगावयास नको.

मिळकतीचा लाभ कोणाला, या प्रश्नाचे उत्तर आग्र्यात पाहावयास मिळते. डिसेंबर २०१४ मध्ये ताजमहालापासून जवळच ‘शीरोज हँगआऊट’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी ते चालवावयास घेतले. समाजाच्या नजरेपासून ज्यांनी चेहरा लपवावा असे समाजालाच वाटत होते, त्या स्त्रिया देशोदेशींच्या पाहुण्यांसमोर ताठ मानेने उभ्या राहिल्या. आरंभी तेथे पदार्थांच्या किमती ठरविलेल्या नव्हत्या. पाहुण्याने स्वेच्छेने द्यावे, अशी रीत होती. ताजमहाल पाहावयास आलेल्या माणसाच्या खर्चातील काही भाग अशा रीतीने थेट या भगिनींच्या हाती पोहोचला. व्हिएतनाममधील हनोई शहरात १९९९ साली ‘कोटो’ नावाने असाच एक उपक्रम छोट्या सँडविचच्या दुकानातून सुरू झाला आणि रस्त्यावर दिवस काढणाऱ्या मुलांना स्वयंपाक, वाढप व इंग्रजी शिकविणारे केंद्र त्यातून उभे राहिले. एकाने शिकावे आणि पुढे दुसऱ्याला शिकवावे, हा त्याच्या नावामागचा आशय आहे.

राहिला खरेदीचा प्रश्न. माझ्या मते गावाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण उपाहारगृहात दहा माणसांना काम मिळेल, पण त्याच्या खरेदीतून शंभर घरांच्या परसात पैसा जाऊ शकेल. केरळमध्ये वेंबनाड सरोवराकाठी कुमरकोम हे गाव आहे. तेथे मोठमोठी हॉटेले आली, परंतु त्यांच्या स्वयंपाकघराशी गावाचा संबंध नव्हता. २००७ साली केरळ शासनाने ‘जबाबदार पर्यटन’ उपक्रम हाती घेतला आणि कुमरकोम येथे हॉटेलांना स्थानिक भाजीपाला घेण्यास राजी केले. १९९८ साली सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ चळवळीतील महिला गटांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. भाव ठरविण्यासाठी व मालाची प्रत पाहण्यासाठी समित्या नेमण्यात आल्या. २०१३ सालच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या पुरस्काराने या कार्याचा गौरव झाला. याच कुटुंबश्रीच्या भगिनींनी पुढे स्वतःची उपाहारगृहेही उघडली.

आपल्या हाताशी काय आहे, ते पाहा. सावई-वेरे, केरीच्या परिसरातील कुळागरे पाहावयास पर्यटक येतात आणि केळीच्या पानावर समाधानाने जेवतात. काणकोण तालुक्यातील खोला गावच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उकड्या तांदळाची पेज, खतखते, सोलकढी, नाचणीची तिझण, हळदीच्या पानातील पातोळ्या हे पदार्थ कोणत्याही मोठ्या हॉटेलच्या आचाऱ्यापेक्षा आपल्या माता-भगिनींना अधिक चांगले येतात. जे घरोघरी आहे, त्याचे मोल आपण ओळखावयास हवे.

मात्र केवळ गोड चित्र रंगविणे हे प्रसिद्धी अधिकाऱ्याचे काम आहे, असे मी मानीत नाही. या मार्गात अडचणी आहेत. पावसाळ्यात किनाऱ्यावर पर्यटकांची वर्दळ ओसरते. म्हणून ज्या उपाहारगृहात गावातील शिक्षक, टपालवाले, बसचालकही चहा घेतील, तेच बारमाही टिकेल. अन्न सुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी अथवा परवाना लागतो, स्वच्छता कसोशीने राखावी लागते. आज माल दिला, उद्या नाही, असे चालत नाही. अनुदानाच्या भरवशावर उघडलेले दुकान अनुदान संपताच बंद पडते. शिवाय सहानुभूतीपोटी पाहुणा एकदाच येतो. दुसऱ्यांदा तो चवीसाठी येतो.

म्हणून प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. शिक्षकांनी महिला गटांना जमाखर्च लिहावयास शिकवावे आणि गावाचा इतिहास चार ओळींत लिहून द्यावा, जेणेकरून पाहुण्याला आपण कोठे बसलो आहोत ते कळेल. पंचायतीने रिकामी जागा रास्त भाड्याने द्यावी. अधिकाऱ्यांनी कागदपत्रांचा मार्ग सुकर करावा, परंतु गल्ल्यावर बसण्याचा मोह टाळावा. कारण गल्ला ज्यांचा, जबाबदारीही त्यांचीच असली पाहिजे.

माझी आपणांस एकच विनंती आहे. उपाहारगृहाची पाटी रंगविण्यापूर्वी एक वही घ्या. गावातील हॉटेले व खाणावळी आठवड्याला कोणता माल, किती आणि कोठून आणतात, ते त्यांना विचारून एका बाजूस लिहा. दुसऱ्या बाजूस आपल्या परसात, शेतात, कुळागरात काय पिकते ते लिहा. दोन्ही बाजूंस जी नावे समान येतील, तेथे आपल्या घड्याचे छिद्र आहे आणि ते बुजविण्याची मातीही तेथेच आहे. ही वही पुढील ग्रामसभेत मांडली गेली, तर आजच्या सभेचे सार्थक झाले असे मी समजेन.



जय हिंद.