आर्नोकाठची छत्री

शनिवारी मुंबईहून आगगाडीने निघावे, घाट चढून देवळालीस उतरावे, कॅम्पातील कोरड्या हवेत रविवार घालवावा आणि सोमवारी पुन्हा कामावर रुजू व्हावे, हा परिपाठ कित्येक मुंबईकर कुटुंबांच्या अंगवळणी पडलेला आहे. युरोपात वास्तव्यास असलेल्या मराठी कुटुंबालाही दोन दिवसांची सुटी मिळाली की इटलीतील फ्लॉरेन्स नगरी खुणावू लागते. रोमहून वेगवान गाडीने तेथे सुमारे दीड तासात पोहोचता येते.

पहिला दिवस कलेचा. ब्रुनेलेस्कीने उभारलेला प्रार्थनामंदिराचा प्रचंड घुमट १४३६ साली पूर्ण झाला. आपल्या विजापूरच्या गोल घुमटाहून तो दोन शतकांनी वडील. मायकेलँजेलोचा सुमारे सतरा फूट उंचीचा संगमरवरी डेव्हिड, सोनारांच्या दुकानांनी गजबजलेला जुना पूल, आणि उफीझी संग्रहालयातील बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा' हे चित्र. इतके पाहताच दिवस मावळतो.

दुसऱ्या दिवशी मात्र मराठी प्रवाशाने आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेकडे चालावे. कास्चीने नावाच्या विस्तीर्ण उपवनाच्या अगदी टोकाला, जेथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोस मिळते, तेथे एक छत्री दिसते. छत्रीखाली फेटा व अलंकार धारण केलेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज होत.

महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासास गेले. त्या काळी समुद्र ओलांडणे ही राजघराण्यातील पुरुषासही सोपी गोष्ट नव्हती. या प्रवासाची इंग्रजी दैनंदिनी ते ठेवीत. पुढे १८७२ साली ती प्रसिद्ध झाली. इंग्लंड पाहून युरोपखंडातून स्वदेशी परतत असता त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे विशीतले.

आता बरोबरच्या मंडळींपुढे बिकट प्रश्न उभा राहिला. दफन हीच जेथे रूढी, तेथे राजाचा देह अग्नीस कसा द्यावयाचा? परक्या देशात, परक्या धर्माच्या लोकांत हे मागणे मागावयाचे होते. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते. तेथील अधिकाऱ्यांनी विशेष अनुज्ञा दिली. धर्मास अनुसरून दोन नद्यांचा संगम शोधण्यात आला, आणि रात्रीच्या काळोखात तेथे चिता पेटली. गोदावरी वा पंचगंगा नव्हती. परंतु संगम होता, आणि अंत्यसंस्कार चुकला नाही.

१८७४ साली त्या जागी हे स्मारक उभे राहिले. त्याची रचना चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडा हीदेखील त्यांचीच कृती होय. पुतळा घडविला फुलर नामक इंग्रज शिल्पकाराने. १९७० नंतरच्या दशकात जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यासही 'त्या भारतीयाचा पूल' असेच नाव पडले. फ्लॉरेन्सकरांच्या नित्याच्या बोलण्यात कोल्हापूरचा राजा असा अजून वावरतो.

या नगरीशी मराठ्यांचा संबंध येथेच संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात उफीझीतील चित्रे सुरक्षिततेसाठी आसपासच्या वाड्यांत हलविली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात हिंदी फौजा फ्लॉरेन्सच्या वेशीशी आल्या, तेव्हा माँतेगुफोनी येथील वाड्यात 'प्रिमावेरा'सह अमोल चित्रांचा ठेवा सापडला. आणि त्यावर पहारा ठेवला तो मराठा पलटणीच्या जवानांनी. शनिवारी ज्या चित्रापुढे प्रवासी थबकला, ते जपण्यात सह्याद्रीच्या मुलांचाही वाटा होता, हे रविवारी उमगते.

देवळालीजवळून वाहणारी दारणा पुढे गोदावरीस मिळते. आपल्याकडे संगमाचे महत्त्व कोणास सांगावे लागत नाही. परदेशात ते समजावून सांगावे लागले, आणि ऐकणाऱ्यांनी ते मानले. दोन दिवसांच्या सहलीतून घरी आणावयाची याहून मोलाची वस्तू फ्लॉरेन्सच्या बाजारात मिळणार नाही.