देहाचे इंजिन
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त सभामंडपात दिलेले व्याख्यान)



मला व्याख्यानाला उभे केले याचे तुम्हांला नवल वाटत असेल, मलाही वाटते. मी डॉक्टर नव्हे. अहमदपूर, लोहा, कंधार या भागांतील विहिरींवरची ऑइल इंजिने आणि पुढे विजेचे पंप दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले. समितीने विषय दिला 'मानवी देह'. तेव्हा मला जी भाषा येते तीतच बोलतो, विद्वानांनी क्षमा करावी.

देहाला यंत्र म्हणणे नवीन नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात भूतमात्रांना यंत्रावर बसविल्याची उपमा आहे. जर्मनीतील फ्रिट्झ कान नावाच्या डॉक्टराने १९२६ साली भिंतीवर लावण्याचे एक मोठे चित्र काढवून घेतले. त्यात माणसाच्या डोक्यात कचेऱ्या आणि खाली धडात नळ, पट्टे व राबणारे कामगार दाखविले आहेत. मला त्यातला पंप अधिक जवळचा.

हृदय म्हणजे मुठीएवढा, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा पंप. खरे तर एकाच धडात दोन पंप आहेत. उजवा रक्त फुप्फुसाकडे पाठवितो, डावा साऱ्या अंगाला. व्हॉल्व्ह चार. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे जाते, मिनिटाला ७० ते ७२ ठोके. म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर आणि दिवसाला सात हजार लिटरांच्या वर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ती तुम्हांला आठवत असेल. तिचा एक डबा सुमारे ५० हजार लिटरांचा. आपल्या छातीतला पंप तेवढा डबा सात दिवसांत उपसतो, आणि त्याला ना डिझेल, ना भारनियमन!

आता पायाकडे या. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला आपण सगळे 'फुटबॉल' म्हणतो. तो गळू लागला की पाइपातले पाणी खाली उतरते आणि पंप पुन्हा बादलीने भरावा लागतो. पायातले रक्त वर चढताना मागे उतरू नये म्हणून शिरांमध्ये असलेच पडदे आहेत. पोटरीचे स्नायू चालताना आवळतात आणि रक्त वर ढकलतात. दिवसभर एका जागी उभे राहणाऱ्याच्या पायाच्या शिरा फुगतात, त्याचे एक कारण हे पडदे सैल होणे. हे मला एका डॉक्टरांनी समजावले, तेव्हा मी म्हणालो, साहेब, हा तर माझाच धंदा!

पार्टही बदलता येतात. आपण मंडपाचा तडकलेला दगड काढून नवा बसविला, तसा हृदयाचा बिघडलेला व्हॉल्व्ह बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तयार झालेला देशी व्हॉल्व्ह १९९० साली प्रथम रुग्णाला बसविला गेला.

पण येथवर आल्यावर माझी उपमा मोडते. बंद पडलेले इंजिन मी आठ दिवसांनी उघडले तरी चालते. देहाचे तसे नाही. हृदय थांबले की चार-पाच मिनिटांत मेंदू नासू लागतो.

२००९ च्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि तेथेच कोसळला. मी पळत पोहोचलो. आम्ही तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगवला, तळपाय चोळले, कोणी चप्पल नाकाला लावली. जीप मिळेपर्यंत अर्धा तास गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढेच विचारले, "छाती दाबली होती का?" मी गप्प. शेकडो इंजिनांना हँडल मारून ज्याने जागे केले, तो माणूस सख्ख्या भावाजवळ नुसता बसून होता. ते चालले असते की नाही, कोण जाणे. पण हँडल मारलेच नाही, हे मात्र खरे.

म्हणून आज मी आलो. माणूस कोसळला, हाका मारून हलवले तरी उत्तर देत नाही, श्वास नाही किंवा नुसते गचके आहेत, तर एकाने लगेच १०८ ला फोन लावावा. २०१४ पासून ही गाडी आपल्या राज्यात आहे. पण ती येईपर्यंतची मिनिटे आपलीच. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. दोन इंच खाली दाबायचे आणि पूर्ण सोडायचे. सोडणे विसरू नका; पिस्टन वर आला नाही तर पंप भरणार कसा? तोंडात पाणी मुळीच घालू नये. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. दमला की दुसऱ्याने हात घालावा, थांबू नये.

ही लय आमच्या भजनी मंडळाला शिकवायची गरज नाही. मी घरून एक घट्ट उशी आणली आहे. पखवाजवाल्यांनी ठेका धरावा. माता-भगिनींपैकी दोघी आणि तरुणांपैकी दोघे, असे चौघे आधी पुढे या.